आर-३३०८ ची पाठपिशवी

शनिवारी सकाळी पावणेसातला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाठपिशवी ठेवून तिचं झाकण दुमडताना, लेलंड प्रुइटच्या बोटांना काहीतरी तुटल्याचं जाणवलं. आवाज एवढा बारीक की बायको घरात असती तरी तिला ऐकू गेला नसता. पण लेलंडने तो ओळखला. युद्धाच्या काळातला सुती दोरा असाच तुटतो, आणि एक टाका गेला की शेजारचे त्याच्यामागे निघतात, कंटाळवाण्या सभेतून एकेक जण उठून जावा तसे.

झाकणाच्या आतल्या बाजूला कुणा शिपायाने कधीतरी ब्लँकेटच्या तुकड्याचं ठिगळ लावलं होतं. ते एका कडेने सुटलं आणि लोंबकळलं. त्याच्यामागे, इतकी वर्षं उजेड न बघितलेल्या कॅनव्हासवर, काळ्या शाईचा शिक्का होता. वर कारखान्याचं नाव, खाली साल.

१९४३.

लेलंडने ते चष्मा लावून वाचलं, चष्मा काढून वाचलं, मग भिंग आणून वाचलं. भिंगाने फरक एवढाच पडला की साल मोठं दिसायला लागलं.

साडेदहा वाजता जत्रेच्या मैदानावरच्या हॉलमध्ये अल्टन रिकेट्स नावाचा शहाऐंशी वर्षांचा म्हातारा ही पिशवी घ्यायला येणार होता. आर्कान्सासहून, दोन दिवसांचा प्रवास करून, मुलीच्या गाडीतून. ही पिशवी त्याचीच आहे असं लेलंडने त्याला फोनवर सांगितलं होतं. जुनं लष्करी सामान जमवणाऱ्यांच्या क्लबच्या पत्रकात तसं छापून आलं होतं, जिल्ह्याच्या वर्तमानपत्रातही, तेही फोटोसकट. आणि अल्टन रिकेट्स ऑगस्ट १९४२ मध्ये न्यूयॉर्कहून बोटीत बसला होता. मार्च १९४३ मध्ये ट्युनिशियातल्या एका टेकडीवर कमरेत लोखंडाचे तुकडे घुसून तो पडला, आणि सगळं सामान तिथेच टाकून त्याला स्ट्रेचरवरून नेलं. १९४३ साली अमेरिकेतल्या कारखान्यात शिवलेली पिशवी १९४२ साली बोटीत बसलेल्या माणसाच्या पाठीवर असू शकत नाही. हे कळायला लेलंड प्रुइट लागत नाही. क्लबमध्ये काल भरती झालेल्यालाही कळतं.

त्याने मनातल्या मनात पळवाटा तपासल्या. जानेवारीत शिवली असेल? फेब्रुवारीत बोटीवर चढवली असेल? त्याची फाटली म्हणून मार्चमध्ये त्याला नवी दिली असेल? दुसऱ्या कुणी असा युक्तिवाद त्याच्यासमोर केला असता, तर लेलंडने त्याला सगळ्यांच्या देखत सोलून काढला असता.

गेली एकतीस वर्षं तो हेच करत आला होता. ओहायोतल्या या कोपऱ्यात पाठपिशव्या, काडतुसांचे पट्टे, पाण्याच्या बाटल्यांची आवरणं यांच्याबाबतीत शेवटचा शब्द लेलंडचा. पट्ट्याच्या टोकाची पितळी पट्टी बघून तो कारखाना सांगायचा. रंगाची छटा बघून सालाचा अंदाज बांधायचा: पिवळट खाकी असेल तर युद्धाची पहिली वर्षं, गडद हिरवी असेल तर शेवटची. आणि त्याचा एक नियम होता, तो त्याने क्लबच्या नियमावलीतही घालून घेतला होता. जुनी वस्तू धुवायची नाही आणि तिचा एकही टाका उसवायचा नाही. शिपायाने जे शिवलं ते शिवलेलं राहू द्यायचं.

आता या नियमाचीच फळं समोर पडली होती. आठ महिन्यांपूर्वी इंडियानातल्या एका लिलावात पिशवी मिळाली तेव्हा झाकणाखालचं ठिगळ त्याने बघितलं होतं. शिक्का त्याच्याखाली असणार हेही ओळखलं होतं. चार टाके उसवले असते तर दोन मिनिटांत साल कळलं असतं. पण नियम म्हणजे नियम. शिवाय त्या वेळी त्याला सालाची गरज नव्हती, कारण जेवणाच्या डब्याच्या खिशाखाली त्याला त्याहून गोड काहीतरी सापडलं होतं. धुलाईचा नंबर: आर-३३०८. लष्करी धोबीखान्यात कपडे हरवू नयेत म्हणून प्रत्येक जण आडनावाचं पहिलं अक्षर आणि आपल्या सेवाक्रमांकाचे शेवटचे चार आकडे सगळ्या सामानावर घालायचा. एवढ्यावरून माणूस शोधायचा म्हणजे गावाच्या नावावरून नवरा शोधण्यातला प्रकार. लेलंड महिनाभर भरतीच्या याद्या चाळत बसला आणि त्याने ‘र’वरून आडनाव असलेले, शेवटी ३३०८ असलेले एक्केचाळीस जण काढले.

एक्केचाळीसपैकी एक जिवंत होता.

इथे लेलंडचा हिशेब चुकला, आणि तो हुशार माणसाचा चुकावा तसा चुकला. चाळीस मेलेल्यांच्या घरी फोन केला तर कुणाची तरी सून उचलणार आणि आम्हाला काही विकत घ्यायचं नाही म्हणून ठेवून देणार. जिवंत माणसाने उचलला तर तो म्हणणार, हो, होती माझ्याकडे अशी पिशवी. अल्टन रिकेट्स तेच म्हणाला. त्या सैन्यात प्रत्येकाकडे अशी पिशवी होती, ही गोष्ट लेलंडला माहीत होती. त्या दिवशी फोन ठेवताना ती त्याच्या डोक्यात आली नाही एवढंच.

सात वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. बायको, नोरीन. ती क्लबची चिटणीस, पहाटेपासून हॉलमध्ये होती.

"निघालास का?"

"निघतोच आहे."

"रिकेट्स काल रात्री मोटेलवर पोचले. मुलीचा फोन आला होता. म्हातारा पाच वाजल्यापासून टाय लावून बसलाय म्हणे. तुझा आवाज असा का येतोय?"

"कसा?"

"दाताच्या डॉक्टरकडून येतो तेव्हा येतो तसा."

"कॉफी घेतली नाही अजून."

"मग घे आणि ये. ड्वेन हॉस्टेटलर दोनदा विचारून गेला पिशवी कुठाय म्हणून. त्याचे हात शिवशिवतायत."

सांगायचं असतं तर ही वेळ होती. लेलंडने फोन ठेवला.

मग तो तळघरात गेला आणि कपाटातून शिपायाची सुईदोऱ्याची पुरचुंडी काढून आणली. खरी, १९४२ सालची, आत पुठ्ठ्यावर गुंडाळलेला खाकी दोरा कधी न वापरलेला. त्याने सुई ओवली. जुनी भोकं ब्लँकेटच्या तुकड्यात आणि कॅनव्हासमध्ये तशीच होती, सुईला फक्त त्यांची वाट धरायची होती. अकरा टाके. दोरा नवा दिसत होता म्हणून त्याने थंड कॉफीत बोट बुडवून टाक्यांवरून फिरवलं, वर कपाटावरची धूळ चोळली. हे सगळं कसं करतात हे त्याला उत्तम ठाऊक होतं. बनावट माल विकणाऱ्यांना पकडण्यात त्याने अर्धं आयुष्य घालवलं होतं.

दुरुस्ती आहे ही, तो स्वतःला म्हणाला. सुटलेलं ठिगळ परत लावलं. पण गाडीत बसल्यावर त्याने पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली, तिला पट्टा लावला, आणि सगळ्या रस्त्याने एकदाही तिच्याकडे बघितलं नाही.

हॉल म्हणजे जत्रेच्या दिवसांत गुरं दाखवायची जागा. कितीही धुतला तरी गोठ्याचा वास जात नाही. त्यात आज क्लबच्या प्रदर्शनाची पावणेदोनशे टेबलं, त्यांवर शिरस्त्राणं, बूट, फावडी, खाण्याचे डबे, आणि टेबलांमधून पोट सांभाळत फिरणारी माणसं. या माणसांची एक रीत आहे. पिशवी दिसली की आधी झाकण उचलायचं, आतला शिक्का वाचायचा, मग नाक आत घालून वास घ्यायचा. मालकाला नमस्कार नंतर. ड्वेन हॉस्टेटलर तर नमस्कारही करत नसे. क्लबमध्ये लेलंडच्या खालोखाल त्याचा शब्द चालायचा, आणि ते 'खालोखाल' त्याला पंधरा वर्षं सलत होतं.

"आले! वधूचे वडील आले!" ड्वेनने लांबूनच हाक दिली. "ठेव इकडे. बघू दे नवरीचं तोंड."

"ड्वेन, आत्ता नको. रिकेट्स येतील एवढ्यात."

"अरे, मी काय खातोय तिला?" आणि त्याने झाकण उचललंही. "ठिगळ. अच्छा. म्हणून तुझ्या लेखात शिक्का दिला नव्हतास. मला वाटलं म्हातारपणी विसरायला लागला."

"उसवायचं नाही असा नियम आहे."

"नियम तुझाच आहे, मला काय सांगतोस." ड्वेनने खिशातून जांभळ्या उजेडाचा छोटा दिवा काढला. युद्धानंतरचा दोरा असला, किंवा कुणी हल्लीच्या साबणाने धुतलं असलं, तर त्या उजेडात ते पांढरं चमकतं. त्याने एका हाताने आडोसा केला आणि दिवा ठिगळाच्या कडेने फिरवला. हळूहळू. एकेका टाक्यावरून.

लेलंडच्या काखेत घाम आला. काही चमकणार नाही हे त्याला माहीत होतं. दोरा खरा होता. तरी ड्वेनचा दिवा शिवलेल्या कडेवर आला तेव्हा त्याला वाटलं, टाके नाहीत, आपले दातच चमकणार आहेत.

"काळं," ड्वेन म्हणाला. त्याच्या आवाजात थोडी निराशा होती. "सगळं काळं. अस्सल आहे बाबा. पंधरा वर्षं वाट बघतोय तू एकदा तरी चुकशील म्हणून." त्याने वास घेतला. "कॉफीचा वास येतोय जरा."

"शिपाई कॉफीच प्यायचे."

"तेही खरंच." ड्वेनने झाकण खाली टाकलं आणि चक्क हात पुढे केला. "अभिनंदन. मनापासून."

लेलंडने हात मिळवला. पकडले गेलो असतो तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं, आणि हे वाटलं म्हणून आणखी भीती वाटली. आता त्याला अडवणारं हॉलमध्ये कुणी उरलं नव्हतं.

रिकेट्स दहा मिनिटं आधीच आले. मुलगी व्हर्लीन साठीची, रुंद खांद्यांची, डोळ्यांखाली प्रवासाची काळी वर्तुळं. म्हातारा चाकाच्या खुर्चीत नव्हता. दोन काठ्यांवर, कमरेतून तिरका, स्वतःच्या पायांनी चालत आला. टाय लाल होता. डोळ्यांची मधली नजर गेली होती, म्हणून समोरच्याकडे बघायचं तर तो मान वळवून कडेने बघायचा, कोंबड्यासारखा.

नोरीनने त्यांना ऑफिसच्या खोलीत बसवलं, चर्चच्या बायकांनी आणलेले डोनट पुढे केले आणि ती माइककडे गेली. पंधरा मिनिटांत मंचावर सोहळा. खोलीत रिकेट्स बापलेक, लेलंड आणि टेबलावर पिशवी.

"तूच का तो फोनवाला?" म्हाताऱ्याने मान वळवली. "ये जरा कडेला, मधे उभा राहिलास तर दिसत नाहीस. हां. अरे, तू तर पोरगा आहेस."

"अडुसष्ट पूर्ण झाली, रिकेट्ससाहेब."

"तेच म्हणतोय. व्हर्लीन, याला डोनट दे. रंग उडालाय पोराचा."

"डॅडी, त्यांना नका छळू."

"दोन दिवस तुलाच छळतोय, तू दमलीस. आता याची पाळी. कुठे आहे ती?"

लेलंडने पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली. म्हाताऱ्याचे हात तिच्यावर पडले आणि थोडा वेळ तसेच राहिले. मग बोटं चालायला लागली. पट्टे, कड्या, जेवणाच्या डब्याचा खिसा, परत पट्टे.

"घाणेरडी वस्तू होती ही," तो म्हणाला. "एवढे पट्टे, आणि धड काही राहायचं नाही आत. घाईत बांधली की चालताना एकेक वस्तू गळायची. आमचा सार्जंट म्हणायचा, जर्मनांना आपला माग काढायला कुत्री लागत नाहीत." तो हसला. मुलगी हसली. लेलंडनेही तोंड तसं केलं.

आपण विनाकारण घाबरलो, असं त्याला अर्धा मिनिट वाटलं. कुणाचं काय बिघडतंय? म्हातारा खूश आहे. घरी नेईल, कपाटावर ठेवेल, वर्ष-दोन वर्षं कुणी आलं-गेलं की दाखवेल. उरलेल्या चाळिसांपैकी कुणी येऊन हक्क सांगणार नाही. शिक्का ठिगळाखाली, ठिगळ टाक्यांखाली, टाके काळे.

म्हाताऱ्याची बोटं झाकणाच्या आत गेली आणि थांबली.

"हे काय आहे?"

"ठिगळ आहे, साहेब. ब्लँकेटचा तुकडा."

बोटांनी तो तुकडा चोळला. एकदा, परत एकदा. म्हाताऱ्याचा चेहरा बदलायला लागला. लेलंडने असे चेहरे पूर्वी बघितले होते, टेबलापलीकडून, एखाद्या माणसाला आजोबांची वस्तू खरी असल्याचं सांगताना. पण तेव्हा तो खरं सांगत असे.

"व्हर्लीन," म्हातारा म्हणाला. "हे क्लीव्हचं आहे."

"क्लीव्ह टॉलिव्हर?"

"दुसरा कोण? माझी पिशवी फाटली होती. तारेत अडकून. त्याने स्वतःच्या ब्लँकेटचं टोक कापून दिलं मला. म्हणाला, घे, माझे पाय तसेही बाहेरच येतात. उंच होता ना फार." तो बोलत होता आणि प्रत्येक वाक्यागणिक त्याचा आवाज पक्का होत होता. "मी शिवलं. त्याने सुई धरून दिली. अंधार पडत आला होता. हो. हो! बघ, हाताला कळतं बरोबर. हे मीच घातलेले टाके आहेत."

त्याचं बोट ज्या कडेवरून फिरत होतं ती सकाळी सव्वासातला शिवलेली कड होती.

लेलंडने खुर्चीची पाठ धरली. खोटं आपण एका पिशवीत शिवलं, असा त्याचा हिशेब होता. आता ते तिच्यातून बाहेर पडून म्हाताऱ्याच्या डोक्यात शिरलं होतं, आणि तिथे त्याला हातपाय फुटत होते.

"क्लीव्ह गेला त्यानंतर," म्हातारा म्हणाला. "आठ-दहा दिवसांनी असेल. त्याचं काही घरी आलं नाही. शवपेटीसुद्धा नाही. नुसती तार." मग तो मान वळवून मुलीकडे बघू लागला. "ओडेसा आहे अजून."

"त्यांची बहीण?"

"नव्वदीची आहे, पण आहे. केंटकीत. ख्रिसमसला कार्ड येतं तिचं. व्हर्लीन, तिच्याकडे भावाची एक चिंधी नाही गं." त्याने पिशवी पुढे केली. "तुझ्या पर्समध्ये कात्री असते ना? नखांची? हे काढ. सांभाळून. आपण जाताना तिकडून जाऊ. तिच्या हातात देऊ."

"आत्ता, डॅडी? तिथे बाहेर समारंभ आहे—"

"पिशवी घेऊन मिरवायला मी आलोय का? मला हे पाहिजे. काढ."

व्हर्लीनने लेलंडकडे बघितलं. "चालेल ना? तुमचा काही नियम वगैरे असेल."

नियम होता. ‘उसवायचं नाही’ एवढं म्हटलं असतं तर आजचा दिवस निभावला असता. घरी गेल्यावर त्यांनी उसवलं असतं, साल दिसलं असतं, पण व्हर्लीनला सालाचं काय कळणार? तुकडा केंटकीला गेला असता. नव्वद वर्षांच्या बाईने तो उशाशी ठेवला असता, आणि कधीतरी त्याच्यासकट तिला पुरलं असतं. कुणा अनोळखी माणसाच्या ब्लँकेटसकट. पकडणारं कुणीच नव्हतं. पावणेदोनशे टेबलांवर सगळ्या जगाची पारख बसली होती, आणि तिच्यातल्या प्रत्येकाने आज लेलंडचा शब्द घेतला असता.

पर्सची चेन वाजली. कात्री छोटी होती, वाकड्या टोकाची. तिने ती पहिल्या टाक्याखाली घातली.

"थांबा," लेलंड म्हणाला.

आवाज त्याच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. व्हर्लीनचा हात थांबला.

"ते क्लीव्हचं नाही. ही पिशवी तुमची नाही, रिकेट्ससाहेब. त्या ठिगळाखाली शिक्का आहे. १९४३ चा. तुम्ही गेलात त्यानंतर शिवलेली आहे ही. मला आज सकाळी कळलं."

बाहेर नोरीन माइकवर कुणाची तरी पांढरी गाडी हलवायला सांगत होती.

"पण टाके," म्हातारा म्हणाला. "टाके माझे आहेत."

"माझे आहेत, साहेब. जुने सुटले. मी ते परत घातले. सकाळी."

"कशाला?"

तुमच्यासाठी, असं लेलंडला सांगता आलं असतं. "वर्तमानपत्रात छापून आलं होतं," तो म्हणाला. "माझ्या नावाने."

व्हर्लीन उठली. तिचा आवाज चढला नाही, आणि लेलंडला तो चढला असता तर बरं वाटलं असतं. "दोन दिवस गाडी चालवलीये मी. ते चार महिने दुसरं काही बोलत नाहीयेत. सांगायचं होतं तर काल सांगायचं, मोटेलवर फोन करून. नाहीतर जन्मभर गप्प बसायचं. ही मधलीच वेळ कशी काय निवडलीत तुम्ही? त्यांना आधी बोलू दिलंत आणि मग—"

"व्हर्लीन."

"नाही डॅडी, त्यांना ऐकू दे."

"व्हर्लीन, ऐक." म्हाताऱ्याने पिशवी मांडीवरून बाजूला सारली. आतापर्यंत थट्टा करत होता तो माणूस कुठे गेला होता कोण जाणे. "त्याने ब्लँकेट कापून दिलं. पाय बाहेर येतात म्हणाला. हे मी आत्ता म्हटलं ना?"

"म्हटलंत."

"मग ते कुठलं? हे नाही तर कुठलं?" त्याने मान वळवली, कडेने लेलंडकडे बघितलं, मग परत मुलीकडे. "मी बनवलं का ते? बसल्या बसल्या? मला ते दिसलं गं. अंधार पडत होता, सुई धरली होती त्याने." आणि मग हळू आवाजात, लहान मूल घरात कुणी आहे का विचारतं तसं: "क्लीव्ह होता ना?"

लेलंडला त्या क्षणी वाटलं की हॉलमधल्या सगळ्यांनी त्याला दगड मारले असते तर चाललं असतं. त्याला हे अपेक्षित नव्हतं. म्हातारा रागावेल, रडेल, पिशवी फेकेल, सगळं त्याने धरलं होतं. पण एक खोटी वस्तू हातात दिली की माणूस आपल्या खऱ्या वस्तूही उलटून बघायला लागतो, हे त्याच्या एकतीस वर्षांच्या अनुभवात कुठेच आलं नव्हतं.

व्हर्लीन बापासमोर गुडघ्यांवर बसली. तिने त्याचे दोन्ही हात धरले.

"होता, डॅडी. छप्पन साली आपण त्याच्या घरी गेलो होतो. मी मागच्या सीटवर होते. नवा फ्रॉक घातला होता मला आणि उकडत होतं. तुम्ही त्याच्या बहिणीशी अंगणात बोलत होता. अर्धा तास. टोपी हातात घेऊन, उन्हात. ती बाई आधी नुसती उभी होती, मग तिने तुमच्या खांद्यावर हात ठेवला."

"मी काय सांगत होतो तिला?"

"ते मला माहीत नाही. काच वर होती."

म्हाताऱ्याने मान हलवली. "त्याची उंची सहा फूट तीन इंच होती," तो शेवटी म्हणाला. "हे तिच्याच तोंडून ऐकलंय मी. म्हणजे पाय बाहेर येत असणारच."

"असणारच."

"ब्लँकेटचं मला माहीत नाही आता." त्याने नाक पुसलं. "पण आपण जाऊ तिकडे. रिकाम्या हाताने जाऊ. तिला विचारू मी काय सांगितलं होतं ते. तिला आठवत असेल."

दाराबाहेर कर्णा खरखरला. नोरीनचा आवाज समारंभाचा झाला होता, तिचा तो वर्षातून दोनदाच निघायचा. आता ज्या क्षणाची आपण सगळे वाट बघत होतो तो, वगैरे. टाळ्या. लेलंडने पिशवी उचलली. ती सकाळपेक्षा जड लागत होती, पण तो दमला होता म्हणूनही असेल.

"मी सांगून येतो त्यांना," तो म्हणाला. "तुम्हाला बाहेर यायची गरज नाही."

"काय सांगणार आहेस?"

"सगळं. टाक्यांचंही."

"मग एकट्याला नाही सोडत तुला. फाडून खातील." म्हाताऱ्याने काठ्या चाचपल्या आणि उठायला लागला. पहिल्यांदा जमलं नाही. लेलंडने हात पुढे केला, म्हाताऱ्याने कोपराच्या वर घट्ट धरला आणि उभा राहिला. त्याची पकड दुखण्याइतकी होती. "चल. उजवीकडून चाल, मला दिसशील असा. आणि पुटपुटू नकोस, मोठ्याने बोल. मागच्यांनाही ऐकू गेलं पाहिजे."

दोघं दारातून बाहेर पडले. टाळ्या वाढल्या. पहिल्याच रांगेत ड्वेन हॉस्टेटलर उभा राहून टाळ्या वाजवत होता, आणि मंचाच्या पायऱ्या चार होत्या, हातात धरायला कठडा नसलेल्या. मागे खोलीत व्हर्लीन जमिनीवरून उठून खुर्चीत बसली, आणि कात्री पर्समध्ये ठेवून तिने डोळे मिटून घेतले. ती बाहेर आली नाही.